घाट, वाडा, घंटा, पूर : जुन्या फोटोंना खोली देण्याच्या प्रकल्प नोंदी

काम : नाशिकचे चार जुने कृष्णधवल फोटो, त्यांतून सात शॉट, प्रत्येकी ८ सेकंद. वाड्याच्या ओसरीवर ४३ इंची टीव्हीवर दिवसभर फिरत राहणारी फीत. आवाज नाही.

साधनं : वरच्या झाकणात दिवा असलेला फ्लॅटबेड स्कॅनर, १६ जीबी रॅम आणि ६ जीबी ग्राफिक्स कार्डाचा संगणक, पेन टॅबलेट. ब्लेंडर (त्रिमितीय दृश्य बांधायला), गिंप (फोटो कापायला-रंगवायला), एफस्पाय (फोटोवरून कॅमेऱ्याची जागा काढायला) आणि रिझॉल्व्हची (व्हिडिओ जोडायला) मोफत आवृत्ती.

नियम : पाणी वाहणार नाही, माणसं पापणी लववणार नाहीत, कबुतरं उडणार नाहीत. हलणार तो फक्त कॅमेरा, आणि तोही फोटोमागची पोकळी झाकली जाईल तेवढाच. दादासाहेब फाळक्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेक चौकट टिपून दाखवली होती. इथे चौकट एकच आहे, तेव्हा तिच्याकडून किती काम करून घ्यायचं याला मर्यादा हवीच.

१४ जून

कागदी प्रिंट स्कॅन केले. रामकुंडाचा पोस्टकार्ड आकाराचा, साडेपाच बाय साडेतीन इंच. १२०० डीपीआयला (इंचाला १२०० ठिपके) ६६०० बाय ४२०० पिक्सेल, १६ बिट ग्रे, फाईल ५५ एमबी. खरं तर ६०० च्या वर कागदाचे तंतूच जास्त येतात, चित्र नाही. तरी १२०० ठेवलं, कारण कडा कापताना जास्त पिक्सेल असले की हात मोकळा चालतो. स्कॅनरचं आपोआप शार्पनिंग आणि धूळ काढणं दोन्ही बंद. ते काम नंतर आपण करायचं.

पुराचा फोटो दाणेदार, रेशमी पोताच्या कागदावर आहे. स्कॅनरचा दिवा एका बाजूने पडतो, त्यामुळे प्रत्येक दाण्याला सावली आली आणि गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या अंगावर मधमाश्यांचं पोळं उमटलं. उपाय जुनाच : एकदा सरळ स्कॅन, एकदा फोटो १८० अंश फिरवून. दुसरा स्कॅन सॉफ्टवेअरात परत सरळ केला, पहिल्यावर नेमका बसवला, वरच्या लेयरची अपारदर्शकता ५०%. सावल्या उलटसुलट पडलेल्या असल्याने एकमेकींना खातात. पोत साधारण पाऊण गेला. नेमका बसवण्यासाठी चार कोपऱ्यांतले चार ठिपके जुळवावे लागले. नुसतं सरकवून जमत नाही, कारण स्कॅनरची पट्टी दोन्ही वेळा अगदी एका चालीने चालत नाही.

१७ जून

वाड्याची काचेची निगेटिव्ह. हाफ प्लेट, पावणेपाच बाय साडेसहा इंच. १६०० डीपीआयला १०४०० बाय ७६०० पिक्सेल.

पावसाळी हवेत काचेवर काच ठेवली की न्यूटनची वलयं हमखास. दोन काचांमधल्या सूक्ष्म हवेच्या थरामुळे ती येतात. म्हणून निगेटिव्ह थेट न ठेवता कडेला काळ्या पुठ्ठ्याच्या १ मिमी पट्ट्या दिल्या, इमल्शनची (चित्राच्या थराची) बाजू खाली. बाकी काच काळ्या कागदाने झाकली, नाहीतर उघड्या जागेतला प्रकाश ओसरीच्या अंधाऱ्या खणांवर धुकं आणतो.

कडेला निळसर चंदेरी चमक आहे, म्हणजे चांदी वर आलेली. तिला हात लावला नाही. ओल्या कापसाने तर अजिबात नाही, कारण दमट जिलेटिन सुटून येतं.

२० जून

रामकुंडावर पहिला प्रयत्न आपोआप डेप्थ मॅपचा, म्हणजे जवळ-लांब करड्या छटांत दाखवणाऱ्या नकाशाचा. एकाच फोटोवरून खोली ओळखणारं मिडास मॉडेल वापरलं. जवळचं पांढरं, लांबचं काळं. ४०० बाय २५० चौकोनांच्या जाळीवर फोटो चढवून त्या नकाशाप्रमाणे जाळी पुढेमागे ढकलली. तीन गोष्टी बिघडल्या.

पहिली, पायऱ्यांवर पायऱ्या. नकाशा ८ बिट पीएनजीत जतन झाला होता, म्हणजे २५६च पातळ्या, आणि सपाट पाण्यावरही टप्पे दिसायला लागले. १६ बिटमध्ये जतन केल्यावर गेले.

दुसरी जास्त फसवी. मॉडेल अंतर देत नाही, अंतराचा व्यस्त देतं, तोही फक्त सापेक्ष. करडा रंग सरळ अंतर म्हणून वापरला तर मधला करडा म्हणजे निम्मं अंतर असा समज होतो. आपल्या फोटोत जवळची पायरी ४ मीटर आणि मागचं देऊळ ४० मीटर धरलं, तर पांढऱ्याची किंमत १/४ म्हणजे ०.२५, काळ्याची १/४० म्हणजे ०.०२५. मधोमधचा करडा ०.१३७५, त्याचा व्यस्त ७.३ मीटर. सरळ हिशेबाने तोच २२ मीटर आला असता. म्हणूनच घाटावरची माणसं देवळाच्या अंगणात जाऊन उभी राहिल्यासारखी दिसत होती.

तिसरी दुरुस्त होण्यासारखी नाही. माणसाची कड आणि मागचं पाणी यांच्यामध्ये जाळी सलग असते. कॅमेरा सरकला की त्या जागी रबर ताणल्यासारखा पडदा दिसतो. नकाशा अंधुक केला की पडदा रुंद होतो, धारदार केला की दातेरी होतो.

निर्णय : जे खरोखर सलग आहे (पायऱ्या, नदीचा काठ, भिंत) ते जाळीवर. जे सुटं उभं आहे (माणसं, छत्र्या, खांब) ते कापून वेगळ्या लेयरवर.

२१–२३ जून

कापाकापी. आधी अकरा लेयर आखले होते, सहावर आणले. प्रत्येक माणूस सुटा केला की घाट पुठ्ठ्याच्या बाहुल्यांचं दुकान होतो. एकाच पायरीवर बसलेले चौघे एकाच लेयरवर बरे दिसतात, कारण त्यांच्यातला फरक हातभराचा आणि मागचं देऊळ ४० मीटरवर.

सगळ्यात वेळ खाल्ला तांब्याने पाणी ओतणाऱ्या माणसाने. उजवा हात डोक्यावर, कोपर बाहेर. दंड आणि कान यांच्यामध्ये बोटभर फट, त्या फटीतून मागची पायरी आणि वाळत घातलेल्या लुगड्याचा काठ दिसतो. ती फट कापायची राहिली तर लुगड्याचा तुकडा माणसाच्या कानाला चिकटून त्याच्याबरोबर हलतो. पूर्ण पडद्यावर तो १४ पिक्सेलांचा तुकडा आहे, पण नजर बरोबर तिथेच जाते. तांब्यातून पडणारी धार मात्र कापली नाही. ती अर्धपारदर्शक आहे, तिच्या आरपार मागचं दिसतं, कितीही कापली तरी दोरीच होते. ती मागच्या थरातून पुसली आणि माणसाच्या लेयरवर करड्या पट्ट्यासारखी ६०% वर ठेवली.

कडा : मास्क (कापलेला भाग ठरवणारा साचा) खऱ्या कडेच्या २ पिक्सेल आत, १.५ पिक्सेल मऊ. तरी काळ्या माणसाला पांढरी झालर आली. कारण मऊ कडेत मागचं चमकणारं पाणी मिसळलेलं असतं. उपाय : अल्फा (पारदर्शकतेची माहिती) तसाच ठेवून आतला रंग कडेबाहेर ८–१० पिक्सेल पसरवायचा, म्हणजे मऊ भागात माणसाचाच रंग राहतो. फाईल स्ट्रेट अल्फाने (रंग पारदर्शकतेने न गुणता) जतन केली आणि ब्लेंडरमध्येही तीच निवड केली. फाईल प्रीमल्टिप्लाइड (रंग आधीच गुणलेले) जतन झाली आणि ब्लेंडरमध्ये स्ट्रेट राहिलं तर झालर काळी येते. झालर कोणत्या रंगाची आहे ते पाहूनच चूक कुठे आहे ते कळतं.

२५ जून

कॅमेरा किती हलवायचा याचा हिशेब. हे आधीच करायला हवं होतं, मागचा भाग रंगवायला बसण्यापूर्वी.

५० मिमी भिंग, ३६ मिमी सेन्सर. दृश्याची रुंदी = अंतर × ०.७२. म्हणजे ५ मीटरवर ३.६ मीटर, १० वर ७.२, २० वर १४.४. लेयर मागेपुढे करताना याच प्रमाणात लहानमोठे केले की मूळ जागेवरून चित्र हुबेहूब फोटोसारखं दिसतं. कॅमेरा २० सेंमी बाजूला नेला तर १९२० रुंदीच्या चौकटीत ५ मीटरवरचा लेयर १०७ पिक्सेल सरकतो, १० वरचा ५३, २० वरचा २७. पुढच्या आणि मागच्यातला फरक ८० पिक्सेल. तेवढी पट्टी माणसाच्या मागे उघडी पडते आणि ती कुठून तरी भरावी लागते.

तोच प्रवास उणे १० ते अधिक १० सेंमी असा केला, मूळ जागा मध्यावर ठेवून, तर दोन्ही बाजूंना ४०-४० पिक्सेल. ४० पिक्सेल पायरीचा दगड शेजारच्या दगडावरून क्लोन करून भरता येतो, कोणी बोट ठेवणार नाही. ८० मध्ये मात्र एखादं आख्खं डोकं मावतं, आणि तिथे डोकं होतं की नव्हतं ते आपण ठरवायचं नाही. ४० ही या कामाची हद्द.

भरलेल्या प्रत्येक जागेचा काळापांढरा मास्क ‘भर’ नावाच्या फोल्डरमध्ये वेगळा ठेवला. मूळ किती आणि आपलं किती, ते केव्हाही उघडून पाहता यावं.

२८ जून

पाय घसरताहेत. लेयरची अंतरं अंदाजाने दिली होती, जमीन मात्र खऱ्या तिरप्या पातळीवर. कॅमेरा सरकला की माणूस पायरीवरून स्केटिंग करतो.

अंदाज सोडून मोजायचं. चौकटीची रुंदी पिक्सेलात धरली तर भिंगाचं फोकल अंतर = १९२० × ५० ÷ ३६ = २६६७. कॅमेऱ्याची उंची डोळ्याच्या खाली, १.५ मीटर धरली. क्षितिजरेषेपासून पाय किती पिक्सेल खाली टेकलेत ते मोजायचं : अंतर = १.५ × २६६७ ÷ तो आकडा. ४०० पिक्सेल खाली असेल तर १० मीटर, ५०० असेल तर ८. पायरीवर उभ्या माणसाला पायरीची उंची दीड मीटरातून वजा करून मग हा हिशेब. सगळे लेयर असे बसवल्यावर पाय जागेवर आले. पायाखालची सावली जमिनीच्या लेयरवरच ठेवायची, माणसाबरोबर कापायची नाही. ती कापली गेली तर माणूस उभ्या फळीला चिकटलेला दिसतो.

पाण्यातलं प्रतिबिंब : आपण ते पाण्याच्या पातळीवर लावलं होतं आणि काहीतरी खटकत होतं. प्रतिबिंब पाण्यावर नसतंच. देवळाचं प्रतिबिंब देवळाइतक्याच अंतरावर, उलटं, पाण्याखाली असल्यासारखं वागतं. ते कापून देवळाच्याच अंतराच्या लेयरवर लावलं, पाण्यावर तरंगणारी पानं आणि द्रोण तेवढे पाण्याच्या पातळीवर. एका झटक्यात पाणी खोल झालं. या प्रकल्पातली सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दिसणारी सुधारणा हीच.

२ जुलै

रेंडर (दृश्यातून एकेक फ्रेम काढणं) १३८ व्या फ्रेमवर असताना लाईट गेली. थेट एमपी४ काढत होतो, ती फाईल उघडत नाही. यापुढे पीएनजी फ्रेमच. ओव्हरराइट बंद आणि प्लेसहोल्डर (फ्रेम सुरू होताना ठेवलेली रिकामी फाईल) चालू ठेवलं की पुन्हा सुरू केल्यावर झालेल्या फ्रेम सोडून पुढे जातो. मात्र लाईट जाताना जी फ्रेम चालू होती तिची शून्य बाइटची फाईल मागे राहते, ती आधी हाताने पुसायची. नाहीतर ती फ्रेम झाली असं समजून ब्लेंडर वगळतो.

आणखी एक : फोटो फिकट, दुधाळ येत होता. मटेरियल एमिशन (स्वतः उजळणारं) होतं, दिवे नव्हते, तरीही. कलर मॅनेजमेंटमध्ये व्ह्यू ट्रान्सफॉर्म (रंग पडद्यावर कसे उतरवायचे ती निवड) एजीएक्स होतं, नव्या आवृत्तीत तेच मूळचं असतं. स्टँडर्ड केलं.

६ जुलै

वाडा. इथे लेयरांपेक्षा कॅमेरा प्रोजेक्शन बरं : चौकाची साधी पेटी बांधायची, जमीन, मागची ओसरी, दोन बाजूच्या भिंती, खांबांचे चौकोनी ठोकळे, तुळशीवृंदावन. मग मूळ कॅमेऱ्याच्या जागेवरून फोटो त्यावर पाडायचा.

फोटो समोरून काढलेला, म्हणून लोपबिंदू (समांतर रेषा जिथे मिळताना दिसतात तो) एकच. एफस्पायला अशा वेळी भिंगाचा आकडा आपणच द्यावा लागतो. हाफ प्लेटला ८ इंची भिंग नेहमीचं. साडेसहा इंच रुंदीला ते, म्हणजे ३६ मिमी सेन्सरच्या हिशेबात सुमारे ४४ मिमी. ४४ टाकल्यावर खांबांच्या रेषा बसल्या. क्षितिज मात्र चौकटीच्या मध्यावर नाही, बरंच खाली आहे, आणि खांब तरीही अगदी उभे. म्हणजे फोटोग्राफरने कॅमेरा वर न वाकवता भिंगाची पाटी वर सरकवली होती. ब्लेंडरमध्येही कॅमेरा वाकवायचा नाही, लेन्स शिफ्ट वाय वापरायचं. वाकवला की वरचा मजला आत झुकतो.

मापासाठी वाड्यातच टेप लावली. एक खण ५ फूट २ इंच. चार खण म्हणजे ६.३ मीटर. पेटी त्यावर मोठी केली.

फोटो पृष्ठभागावर पाडणाऱ्या यूव्ही प्रोजेक्ट मॉडिफायरने भिंतीवरचा फोटो कर्णरेषेवर मोडला. भिंत एकाच चौकोनाची होती. चौकोनाच्या आत पोत सरळ रेषेत ताणला जातो, पर्स्पेक्टिव्ह धरलं जात नाही. भिंतीचे ४० बाय ४० भाग पाडले, ठीक झालं. मॉडिफायरांच्या यादीत भाग पाडणारा वर, यूव्ही प्रोजेक्ट खाली. आस्पेक्टचे दोन आकडे स्कॅनच्या रुंदी-उंचीप्रमाणे भरायचे, नाहीतर फोटो दाबला जातो. ग्राफिक्स कार्डाला १०४०० पिक्सेलचं चित्र जड, ५२०० बाय ३८०० केलं. दीडपट जवळ गेलं तरी २८८० पिक्सेलच लागतात.

चौकात चौदा माणसं दोन रांगांत. चेहरे सुटे कापून उठाव द्यायचा मोह टाळला. नाक दोन सेंमी पुढे काढलं की दात विचकल्यासारखं होतं. प्रत्येक रांग एका सलग पत्र्यावर, कडेला किंचित मागे वळवलेली, अंगाला १०–१२ सेंमीचा सौम्य फुगवटा. चेहऱ्याला काही नाही.

९ जुलै

दोन रांगा, खुर्च्यांच्या जाळ्या, वृंदावन, खांब. जिथे जास्त लेयर एकामागे एक येतात तिथे काळे चौकोन. ब्लेंडरच्या सायकल्स या रेंडर इंजिनमध्ये ट्रान्सपरंट बाउन्स मूळचे ८ असतात. किरण आठ पारदर्शक कागदांतून गेला की थांबतो आणि काळा देतो. ३२ केले. वेळ थोडाच वाढला.

१० जुलै

वाड्याचा शॉट आत जाणारा केला, बाजूला सरकणारा नव्हे. आत जाताना मधोमधच्या वस्तू फुगतात आणि मागचं आणखी झाकतात, पोकळी पडत नाही. पण बाजूच्या खांबांचं उलट : त्यांची आतली कड बाहेर सरकते आणि मागचं उघडं पडतं. मध्यापासून ७०० पिक्सेलवरचा, ५ मीटर अंतरावरचा खांब : अर्धा मीटर आत गेल्यावर ७०० × ५ ÷ ४.५ = ७७८. त्याच जागची २० मीटरवरची पार्श्वभूमी ७१८. म्हणजे ६० पिक्सेलची पट्टी. हद्द ४० ची. प्रवास ३० सेंमीवर आणला, पट्टी ३४ झाली.

१२–१३ जुलै

गोदाकाठच्या नारोशंकराच्या देवळाची घंटा. देऊळ १७४७ चं, घंटा १७३९ च्या वसईच्या विजयाची खूण. फोटोत कमानीच्या अंधारासमोर ती एकटी आहे, म्हणून वाटलं सोपं जाईल.

सपाट कापलेली घंटा फिरताना नाण्यासारखी दिसली. गोल अंगाची अर्धी नळी करून तिच्यावर फोटो पाडला : खालचा काठ रुंद, वर निमुळती. आता गोलाई आली, पण कॅमेरा ४ अंशांपलीकडे वळला की कडेचे शेवटचे पाचसहा पिक्सेल लांब ओघळतात, कारण घंटेची बाजू फोटोत आलेलीच नाही. दोन अंश एका बाजूला, दोन दुसऱ्या. तेवढ्यात धातूवरची चमक घंटेबरोबरच फिरते. खऱ्या घंटेवर ती जवळपास जागच्या जागी राहिली असती. चमक वेगळी करून पाहिली, पण त्याखाली धातू कसा दिसत होता ते फोटोत नाही. तशीच ठेवली.

साखळीची कडी २ पिक्सेल जाड. मऊ कड दिली की विरघळते, नाही दिली की लुकलुकते. दुप्पट मापात, ३८४० ला रेंडर करून निम्मं केल्यावर बरीच स्थिर.

१६ जुलै

पूर. दुतोंड्या मारुतीच्या छातीपर्यंत पाणी. नाशिककर पूर मोजतात तो याच मापाने, त्यामुळे पाण्याची रेषा फोटोत जिथे आहे तिथून एक पिक्सेलही हलता कामा नये. मूर्ती आणि पाणी यांचा सांधा कापलाच नाही. मूर्ती जाळीवरच, पाण्यातून सलग वर आलेली. पाणी हलवून पाहण्याची सूचना आली होती. आठ सेकंदांची लाट परत परत फिरली की पुराचा टब होतो. पाणी स्थिर.

कॅमेरा ६ सेंमी वर जातो, बस्स.

२० जुलै

दाणे. कॅमेरा जवळ गेला की फोटोचे दाणे मोठे होतात, मागच्या लेयरचे लहान राहतात, आणि रंगवलेल्या पट्ट्यांवर दाणेच नाहीत. तिन्ही एका चौकटीत आल्यावर भर घातलेली जागा लख्ख ओळखू येते. सगळ्या लेयरांचे दाणे आधी हलके कमी केले, शेवटी रिझॉल्व्हमध्ये पूर्ण चौकटीवर एकच ताजा दाणा दिला, दर फ्रेमला बदलणारा. धूळ आणि ओरखडे कापण्यापूर्वीच काढलेले बरे. माणसाच्या खांद्यावर राहिलेला ओरखडा त्याच्याबरोबर हवेत तरंगतो.

२४ जुलै

ओसरीवर टीव्हीवर पहिली चाचणी. संगणकावर गुळगुळीत, इथे खांब धक्के देत चालतात. फीत २५ फ्रेमची, हा टीव्ही पेनड्राइव्हवरून सगळं ६० हर्ट्झवर दाखवतो. २५ चे ६० नीट होत नाहीत, काही फ्रेम दोनदा, काही तीनदा. ३० ला प्रत्येक फ्रेम बरोबर दोनदा. टीव्ही पाहण्याआधी फ्रेमदर ठरवला ही चूक. सात शॉट २०० ऐवजी २४० फ्रेमचे, पुन्हा रेंडर.

टीव्हीची मोशन स्मूदिंग बंद केली, ती लेयरांच्या कडा जेलीसारख्या हलवते. चारी बाजूंनी चित्र कापलं जात होतं, त्यासाठी स्क्रीन फिट. सुरुवातीला आणि शेवटी १५ फ्रेम चाल हळू, नाहीतर फोटोला कोणी धक्का दिल्यासारखं वाटतं.

३० जुलै

३० फ्रेमचे सहा शॉट झाले. ‘भर’ फोल्डर, मूळ स्कॅन आणि ब्लेंडरच्या फाईल दोन वेगळ्या डिस्कवर. घंटेच्या साखळीची वरून दुसरी कडी ९० व्या फ्रेमपाशी अजून लुकलुकते. ती पुन्हा कापून तेवढा शॉट लावायचा आहे.